सोलापूरच्या आकाशाचीही मोजणी हवी

सोलापूर जिल्ह्यात जमिनीचे भांडण म्हणजे बहुतेक वेळा बांधाचे भांडण असते. शेजाऱ्याने दर नांगरटीला एकेक तास पुढे सरकवत बांध कोरला, अशी तक्रार घेऊन माणसे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करतात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि वहिवाटीतले क्षेत्र यांचा मेळ बसत नाही आणि भावकी कोर्टात जाते. एके काळी या भांडणाचा निकाल साखळी आणि प्लेन टेबल देत असे. आता भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संकेत ऐकणारा फिरता रिसीव्हर, घेऊन येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने महाराष्ट्रात 77 ठिकाणी अखंड चालणारी संदर्भ केंद्रे उभी राहिली आहेत. या केंद्रांकडून दुरुस्ती घेत रोव्हर काही क्षणांत बांधाच्या दगडाची जागा सेंटिमीटरच्या हिशेबात सांगतो. माळशिरसच्या उसाच्या फडातली किंवा मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातली हद्द आज वीस ते छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या साक्षीने ठरते.

ही साक्ष किती विश्वासाची आहे, हा प्रश्न म्हणून शास्त्रज्ञांपुरता राहत नाही. उपग्रह दिशादर्शनात गेल्या दोन दशकांत नवे संकेत आले. अमेरिकेच्या जीपीएसने, युरोपच्या गॅलिलिओने, चीनच्या बेईदोऊने ते आणले. भारताच्या नाविकनेही आणले. नवा संकेत आला की अचूकता आपोआप वाढते, असा एक समज आपल्याकडे आहे. तो अपुरा आहे. संकेत वरून येतो. त्याची अचूकता मात्र जमिनीवर, अनेक ठिकाणी, अनेकांनी मिळून आणि वर्षानुवर्षे केलेल्या मोजमापातून तयार होते. त्या मोजमापात सोलापूरसारख्या जिल्ह्यांना जागा मिळाली पाहिजे, आणि ती उपकार म्हणून नव्हे, तर विज्ञानाची गरज म्हणून, हे मला या लेखात मांडायचे आहे.

आधी हे तंत्र चालते कसे, ते पाहू. उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत सांगत असतो. त्याचा संदेश रिसीव्हरपर्यंत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. चार उपग्रहांची अशी अंतरे मिळाली की आपली जागा आणि आपल्या घड्याळातली चूक दोन्ही कळतात. सारा खेळ वेळेचा आहे. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाची चूक झाली तर अंतरात तीस सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून उपग्रहात आण्विक घड्याळे असतात. जमिनीवर पोचेपर्यंत हा संकेत इतका क्षीण होतो की एका वॅटचे कोटी गुणिले कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी त्याची शक्ती उरते. अशा नाजूक संकेताला जमिनीवर येताना वातावरणातून वाट काढावी लागते, आणि वाटेतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे आयनांबर.

जमिनीपासून साधारण साठ ते हजार किलोमीटर उंचीपर्यंत सूर्यप्रकाशामुळे हवेतले अणू फुटून मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात. त्यांच्यातून जाताना संकेताला उशीर होतो. हा उशीर जगभर सारखा नसतो, आणि आपल्या वाट्याला आलेले आयनांबर फार अवघड आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुवनंतपुरम आणि तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. 1963 मध्ये पहिले अग्निबाण सोडायला थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले, ते याच कारणाने. या विषुववृत्तावर दिवसा इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला व दक्षिणेला जमा होतात. उत्तरेकडचा हा ढीग साधारणपणे अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर उभा राहतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर आहे, म्हणजे नेमके त्या चढावर. इथे काही शे किलोमीटरच्या अंतरात इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने बदलते, आणि आज जी आहे ती उद्या त्याच वेळी असेल याची खात्री नसते.

सूर्यास्तानंतर दुसरी अडचण सुरू होते. चुंबकीय विषुववृत्ताजवळ आयनांबराच्या तळातून विरळ प्लाझ्माचे प्रचंड बुडबुडे उठतात आणि उत्तर-दक्षिण पसरतात. त्यांच्यातून येणारा संकेत थरथरतो, क्षणभर बुडतो, कधी रिसीव्हरच्या हातून पूर्ण सुटतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत हा त्रास अधिक असतो. सूर्य सक्रिय असेल तेव्हा आणखी अधिक. नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांनी कोल्हापुरातून रात्रीच्या आकाशाच्या मंद प्रकाशाची छायाचित्रे घेत हे बुडबुडे वर्षानुवर्षे टिपले आहेत. सोलापूरपासून काही तासांच्या अंतरावर हे काम झाले. आपल्या आकाशाचा अभ्यास आपल्याच भागातून होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

आता नव्या संकेतांकडे येऊ. आयनांबरातला उशीर संकेताच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात तो कमी होतो. दुपारच्या वेळी आपल्याकडे सहज आढळणारी इलेक्ट्रॉनांची दाटी धरली, तर जीपीएसच्या जुन्या एल-1 या 1575.42 मेगाहर्ट्झच्या संकेतात सुमारे 16 मीटरची चूक येते. 1176.45 मेगाहर्ट्झच्या एल-5 संकेतात तीच चूक 29 मीटर होते, आणि नाविकच्या 2492 मेगाहर्ट्झच्या एस-बँड संकेतात साडेसहा मीटर. एकच संकेत हाती असेल, तर यातली किती चूक आयनांबराची हे कळायला मार्ग नाही. जीपीएस आपल्या संदेशासोबत आयनांबराचे एक ढोबळ गणित पाठवते. त्याने सरासरी निम्मी चूक दूर होते. पण दोन वारंवारतांचे संकेत एकाच उपग्रहाकडून मिळाले, तर त्यांच्या उशिरातल्या फरकावरून इलेक्ट्रॉनांची दाटी थेट मोजता येते आणि चूक जवळजवळ पूर्ण वजा करता येते. नव्या संकेतांचे खरे मोल यात आहे.

नाविकमध्ये सुरुवातीपासून एल-5 आणि एस-बँड असे दोन संकेत होते. कागदावर ही जोडी उत्तम होती. पण सामान्य माणसाच्या हातातला फोन, स्वस्तातला ट्रॅकर, घड्याळ यांतले रिसीव्हर एल-1 वर चालणारे होते. त्यामुळे आपली यंत्रणा आकाशात आणि आपली माणसे दुसऱ्याच्या संकेतावर, अशी स्थिती बरीच वर्षे राहिली. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहाने ती बदलायला सुरुवात केली. त्याच्यावर एल-1 वरचा नवा नागरी संकेत आहे, आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात घडवलेले भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळही आहे. आधीच्या उपग्रहांतली घड्याळे परदेशी होती आणि त्यांतली बरीच बंद पडली, हे लक्षात घेतले म्हणजे या घड्याळाचे महत्त्व कळते.

हा नवा संकेत भारताने एकट्याने, जगाकडे पाठ फिरवून घडवलेला नाही. अमेरिका आणि युरोप यांनी 2004 मध्ये करार केला आणि 2007 मध्ये एल-1 वरच्या नव्या नागरी संकेतासाठी समान आराखडा मान्य केला. दोन प्रतिस्पर्धी यंत्रणांचे संकेत एकमेकांना त्रास न देता एकाच रिसीव्हरला वापरता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. इस्रोने आपला संकेत स्वतःच्या पद्धतीने रचला, पण त्याचा वर्णपट या आराखड्याशी जुळता ठेवला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली या सर्व यंत्रणांची जी समिती आहे, तिच्या बैठका 2007 आणि 2019 मध्ये बेंगळुरूत झाल्या. इस्रोने नाविकच्या नागरी संकेतांची तांत्रिक रचना प्रसिद्ध केली, म्हणून जगातल्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांना त्या संकेताचे रिसीव्हर करता आले आणि तो फोनमध्ये पोचला. स्वतःची यंत्रणा असणे आणि इतरांशी मिळून काम करणे यांत विरोध नाही, हे या इतिहासातून दिसते.

इथे पहिला आक्षेप येतो. जीपीएस फुकट मिळते आहे, मग हा खटाटोप कशाला? उत्तर जीपीएसच्याच इतिहासात आहे. मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी संकेतात जाणूनबुजून चूक मिसळत होती. ती एका राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने थांबली. जे आदेशाने थांबते, ते आदेशाने पुन्हा सुरू होऊ शकते. पण याहूनही मोठे कारण आहे. अमेरिकेचे आणि युरोपचे आयनांबर बहुतांशी शांत आहे. त्यांच्या हवाई वाहतुकीसाठी केलेली गणिते आपल्या आकाशाला तशीच लागू पडत नाहीत.

गगन यंत्रणा उभारताना भारताला हेच शिकायला मिळाले. विमानांना सुरक्षित उतरता यावे म्हणून जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारी ही यंत्रणा इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारली. त्यासाठी 2003 पासून देशभरात 18 ठिकाणी रिसीव्हर बसवून आयनांबराची मोजमापे घेतली गेली. तिरुवनंतपुरम ते दिल्ली, अहमदाबाद ते कोलकाता अशा केंद्रांच्या आकड्यांवर अनेक विद्यापीठांतल्या आणि संस्थांतल्या अभ्यासकांनी काम केले, आणि त्यातून भारतीय आकाशाला योग्य असे आयनांबराचे गणित तयार झाले. 2015 मध्ये गगनला विमान उतरवण्याच्या मार्गदर्शनासाठी प्रमाणपत्र मिळाले. 28 एप्रिल 2022 च्या सुमारास इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर गगनच्या आधाराने उतरल्याचे जाहीर झाले. 2025 मध्ये सोलापूरहून पुन्हा नियमित विमानसेवा सुरू झाली. धावपट्टीजवळ महागडी यंत्रे बसवणे ज्यांना परवडत नाही, अशा लहान विमानतळांसाठीच गगनसारखी यंत्रणा असते. म्हणजे तेव्हा देशात कुठे तरी बसवलेल्या रिसीव्हरचा लाभ उद्या सोलापूरच्या प्रवाशाला होणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे आणि तो टाळून चालणार नाही. नाविकचे उपग्रहच पुरेसे नाहीत. 2025 मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आजवर सोडलेल्या 11 उपग्रहांपैकी चारच स्थाननिश्चितीची सेवा देत होते. चार केवळ संदेश प्रसारित करण्यापुरते उरले होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोचू शकले नव्हते. जानेवारी 2025 मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात सोडलेला एनव्हीएस-02 हा त्या दोघांपैकी एक. झडप न उघडल्यामुळे त्याला कक्षा उंचावता आली नाही. संकेतच नसेल तर त्याच्यावरचे संशोधन कोरडे राहील. नवे उपग्रह वेळेवर सोडले पाहिजेत आणि त्यासाठी सरकारला जाब विचारला पाहिजे.

पण यावरून जमिनीवरचे काम थांबवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आजचा चांगला रिसीव्हर जीपीएस, गॅलिलिओ, बेईदोऊ आणि नाविक या सर्वांचे संकेत एकत्र ऐकतो. सोलापूरच्या आकाशातली इलेक्ट्रॉनांची दाटी कोणत्याही देशाच्या दुहेरी संकेतावरून मोजता येते, आणि ते मोजमाप पुढच्या नाविक उपग्रहाला उपयोगी पडते. उपग्रहाचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. नीट जपलेल्या नोंदींचे आयुष्य त्याहून कितीतरी मोठे.

याचा सर्वांत थोर दाखला मुंबईत आहे. 2 सप्टेंबर 1859 रोजी पृथ्वीवर आजवरचे एक सर्वांत तीव्र सौर वादळ आदळले. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची नोंद नेहमीप्रमाणे चालू होती. त्या नोंदीत सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण टिपली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला हलवले, पण जुनी कागदपत्रे जपून ठेवली गेली. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ गुरबक्ष लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या व ब्राझीलमधल्या संशोधकांबरोबर त्या नोंदीवरून वादळाची तीव्रता काढली. उपग्रह आणि वीजजाळे वाचवण्यासाठी सर्वांत वाईट शक्यता किती मोठी धरायची, याचा विचार करताना जग आज कुलाब्याच्या त्या आकड्याकडे पाहते. मे 2024 च्या सौर वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या हंगामात उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. शेतीच जेव्हा आकाशावर विसंबते, तेव्हा आकाशाच्या नोंदी हा शेतकऱ्याचाही विषय होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण तो आपल्याच माणसांच्या तोंडून येतो: हे काम बेंगळुरूचे आणि अहमदाबादचे, जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाला त्यात काय जमणार? सोलापूरने या प्रश्नाचे उत्तर नव्वद वर्षांपूर्वी दिले आहे. 1933 मध्ये इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. पाठोपाठ विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक इथे तशीच केंद्रे निघाली. प्रश्न एकच होता, माती आणि पाऊस वेगवेगळे होते, आणि पाचही ठिकाणच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहता येत होत्या. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी अशी शिफारस त्या काळच्या कामातून पुढे आली. दिल्लीत बसून ती कुणालाही लिहिता आली नसती. अवर्षणाच्या जमिनीचे ज्ञान अवर्षणाच्या जमिनीवरच मिळते. सोलापूर पर्जन्यछायेत आहे हे जसे या जिल्ह्याचे संकट होते, तसेच ते संशोधनाचे कारणही झाले. आयनांबराच्या चढावर असणे हे आज तसेच कारण आहे.

या कामाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सोलापूरला थेट भिडते. उपग्रहाच्या संकेताला आयनांबराखालच्या हवेतही उशीर होतो. त्यातला काही भाग हवेतल्या बाष्पामुळे असतो. वातावरणातल्या साऱ्या बाष्पाचे पाणी केले आणि ते एक मिलिमीटर भरले, तर संकेताच्या वाटेत साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भर पडते. भूकरमापक हा उशीर चूक म्हणून काढून टाकतो. हवामानशास्त्रज्ञाला तोच हवा असतो, कारण डोक्यावर किती पाणी तरंगते आहे हे त्यातून दिवसरात्र, ढग असोत वा नसोत, कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापुरात ढगांत बीजारोपणाचे प्रयोग केले. विमाने, रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे लावून केलेल्या या प्रयोगात पावसात सरासरी 18 टक्के वाढ आढळल्याचे नंतर जाहीर झाले. ढगात बीज कधी टाकावे, हे ठरवायला हवेतले बाष्प क्षणोक्षणी माहीत असणे किती उपयोगाचे, हे वेगळे सांगायला नको. हद्द मोजणारे केंद्र पावसाच्या अंदाजालाही हातभार लावू शकते. एकाच रिसीव्हरच्या नोंदीत भूमी अभिलेख विभाग, हवामान खाते, विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो अशा चौघांचे काम दडलेले आहे. चौघे आपापल्या कपाटात स्वतंत्र नोंदी ठेवत राहिले, तर देशाचे नुकसान आहे.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. पहिली, राज्यातल्या 77 संदर्भ केंद्रांच्या मूळ नोंदी संशोधनासाठी, थोड्या विलंबाने का होईना, नियमित आणि विनामूल्य मिळाव्यात. ही यंत्रे जनतेच्या पैशातून उभी आहेत आणि चोवीस तास चालू आहेत. त्यांच्या नोंदी वापरायला नवा खर्च जवळजवळ नाही. यात सुरक्षेचा धोका आहे असे कुणी म्हणेल. लष्करी संकेत वेगळा आणि सांकेतिक असतो. आकाशातल्या इलेक्ट्रॉनांची दाटी कुणाचे गुपित नाही. उपग्रह दिशादर्शनाची आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा 1994 पासून जगभरातल्या शेकडो केंद्रांच्या नोंदी खुल्या ठेवते, आणि त्यांत भारतातलीही केंद्रे आहेत. दुसरी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी, कोल्हापूर, लातूर, नांदेड आणि नागपूर यांच्यासह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या रांगेत, एल-1, एल-5 आणि एस-बँड ऐकणारे रिसीव्हर बसवून एकाच पद्धतीने नोंदी घ्याव्यात. मध्य भारताच्या ढिगाकडे जाणारा चढ अशाच साखळीतून नीट मोजता येईल. तिसरी, या कामाला अनुदान द्यायचे तर किमान एका सौरचक्राचे, म्हणजे अकरा वर्षांचे द्यावे. तीन वर्षांच्या प्रकल्पात यंत्र येते, शोधनिबंध निघतो आणि यंत्र कपाटात जाते. आकाशाचा स्वभाव तीन वर्षांत कळत नाही.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपली हुशार मुले विकत मिळणाऱ्या भागांची जुळवाजुळव करतात आणि परीक्षेनंतर ती मोडून टाकतात. त्याऐवजी एका तुकडीने रिसीव्हर लावावा, पुढच्या तुकडीने नोंदी तपासाव्यात, तिच्या पुढच्या तुकडीने संध्याकाळी रोव्हरला फिक्स, म्हणजे पक्की जागा, का मिळत नाही याचे उत्तर त्या नोंदींत शोधावे. अशा कामातून मिळणारे शिक्षण गुणपत्रिकेपेक्षा टिकाऊ असते, आणि त्यातून निघालेला आकडा देशाच्या उपयोगी पडतो.

उपग्रह सोडणे मोजक्या संस्थांनाच शक्य आहे. त्या उपग्रहाचा संकेत आपल्या आकाशात कसा वागतो, हे मोजणे मात्र जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला आजच्या आज शक्य आहे. सोलापूरच्या प्राचार्यांनी, प्राध्यापकांनी आणि विद्यापीठाने यासाठी इस्रोच्या पत्राची वाट पाहू नये. गच्ची आहे, वीज आहे, मुले आहेत. रिसीव्हर बसवा, नोंद सुरू करा आणि ती सर्वांसाठी खुली ठेवा.